जीर्णोद्धार माणसाचाही
(कलशारोहण समारंभातील भाषण)



ढासळलेली भिंत बांधताना गवंड्याने देवळाचा जुना दगड टाकला नाही. तो घडवून, शेजारच्या दगडाच्या आधाराने पुन्हा बसवला. गांजाने ढासळलेल्या माणसाचेही असेच असते.

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांना चिलीम नवी नाही. महादेवाचे नाव घेऊन ती हातोहात फिरते. पण देवाचे नाव घेतल्याने नशा पवित्र होत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बाळगणे व ओढणे हा गुन्हा आहे. आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसासाठी मात्र त्याच कायद्यात सवलतीची तरतूद आहे. कायदा चिलीम काढून घेईल, पण झोप उडालेल्या पोराच्या उशाशी बसणार नाही. गांजा सोडल्यावर पहिले एक-दोन आठवडे चिडचिड होते, भूक मंदावते, झोप लागत नाही. तेव्हा उपदेश करणाऱ्यापेक्षा 'माझेही असेच झाले होते' म्हणणारा कामी येतो.

अमेरिकेत १९३५ साली दोघा दारूड्यांनी हे ओळखले व ते एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले. त्यातूनच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार मिळाला. तेथे व्यसनातून सुटलेली अनेक माणसेच पुढे इतरांना सोडवू लागली. पत्नींसाठी 'सहचरी' गट चालू झाला. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने 'परिवर्तन' केंद्र उभे राहिले.

अशा गटाची रीत साधी आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जमायचे. एकाने बोलायचे, इतरांनी ऐकायचे. तिथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. निश्चय फक्त आजच्या दिवसापुरता करायचा. कोणी घसरला तर त्याची जागा पुढच्या आठवड्यालाही राखून ठेवायची. वारकरीसुद्धा पंढरीला एकटा निघत नाही, दिंडीबरोबर चालतो. मात्र ज्याला भास होतात, नको ते संशय येतात, त्याला आधी डॉक्टरकडेच न्यावे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.

सभामंडपाशेजारची नवी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ या कामाला मिळावी, एवढीच मागणी आहे. त्यासाठी वर्गणी नको. दोन सतरंज्या, पाण्याचा माठ आणि गावाची जीभ आवरलेली, एवढे पुरे. त्या दारातून आत जाणाऱ्याला कोणी 'गांजेकस' म्हणून हिणवले, तर तो पुन्हा येणार नाही. मग देवळामागच्या पाराखाली पुन्हा चिलीम पेटेल.

देणगीदारांची नावे फरशीवर कोरली गेली, ते योग्यच झाले. या खोलीत मात्र कोणाचेच नाव लिहिले जाणार नाही. पण एखाद्या घरात पगार पुरा पोहोचेल, एखादी आई रात्री निश्चिंत झोपेल. देवळाच्या कळसाइतकेच ते पुण्य उंच आहे.