मसाल्याच्या मिरचीचा शोध : पोत्याकडून शेताकडे



होळी सरली, उन्हे तापू लागली की महाराष्ट्रातील अंगणे आणि गच्च्या लाल मिरचीने भरून जातात. वर्षाचे तिखट आणि मसाला करून ठेवण्याची ही जुनी रीत आता केवळ घरापुरती राहिलेली नाही. कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, आगरी-कोळी मसाला यांना अनेक महिला बचत गटांनी आपल्या उपजीविकेचे साधन बनविले आहे. या व्यवसायातील भांडवलाचा मोठा वाटा सुक्या मिरचीत गुंततो. मिरची कोठून, केव्हा आणि कशी घ्यावी, या प्रश्नाच्या उत्तरावरच गटाचा नफा-तोटा आणि बाजारातील नाव ही दोन्ही अवलंबून असतात.

नवा गट बहुधा जवळच्या शहरातील दुकानातून पाच-दहा पोती उचलतो. पोत्यावर मिरचीच्या जातीचे नाव सांगितले जाते. परंतु ती कोणत्या शिवारातील, कोणत्या हंगामातील आणि कोणी वाळविलेली, हे सांगणारा तेथे कोणी नसतो. शेतकरी, गावातील खरेदीदार, अडत्या, घाऊक व्यापारी आणि दुकानदार अशा अनेक हातांतून तो माल आलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर हमाली, तोलाई, वाहतूक आणि नफा यांची भर पडते. व्यापारी अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. दूरचा माल जुळवून आणण्याचे काम तोच करतो. तथापि, जी मिरची आपल्याच जिल्ह्यात वा शेजारच्या जिल्ह्यात पिकते, ती इतक्या हातांतून का घ्यावी, याचा विचार अवश्य झाला पाहिजे.

महाराष्ट्राला या बाबतीत निसर्गाने उणे ठेवलेले नाही. उत्तरेस नंदुरबार ही राज्यातील मिरचीची अग्रगण्य बाजारपेठ आहे. तेथे ओली लाल मिरची खरेदी करून मोकळ्या मैदानांवरील पथाऱ्यांवर वाळविली जाते आणि देठ खुडण्याच्या कामावर असंख्य मजूर स्त्रियांची चूल पेटते. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथेही मिरचीचा व्यापार चालतो. विदर्भात नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. दक्षिणेस कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजची पेठ संकेश्वरी मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. सीमेपलीकडे, कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यात, ब्याडगी हे गाव आहे. तेथील सुरकुतलेली, गडद लाल आणि बेताची तिखट मिरची महाराष्ट्रातील मसाल्यांना रंग पुरविते. २०११ साली तिलाही भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरची शोधण्यापूर्वी मसाल्याला काय हवे, हे ठरविणे इष्ट. रंग हवा असल्यास ब्याडगी, तिखटपणा हवा असल्यास लवंगी, आणि दोहोंचा मेळ हवा असल्यास संकेश्वरी, असा साधारण हिशेब अनुभवी गृहिणी करीत आल्या आहेत. सगळीच मिरची दुरून आणण्याची गरज नसते. रंगापुरती ब्याडगी बाहेरून घेऊन तिखटपणाचा भाग स्थानिक मिरचीवर सोपविता येतो. मात्र, प्रमाण बदलताना आधी किलोभर मसाला कुटून, चाखून पाहावा. मगच पोत्यांची मागणी नोंदवावी.

दुसरा प्रश्न वेळेचा. खरिपात लावलेल्या मिरचीचा वाळलेला माल साधारणतः डिसेंबरपासून बाजारात येऊ लागतो आणि पुढील दोन-तीन महिने आवक जोरात असते. घरोघरी मसाल्याची लगबग मात्र मार्च ते मे या काळात चालते. ज्या गटाने जानेवारी-फेब्रुवारीत खरेदी उरकली, त्याला निवडीस वाव मिळतो. जो गट एप्रिलमध्ये बाजारात उतरतो, त्याला उरलेल्यातून घ्यावे लागते. यास्तव बँकेचे कर्ज किंवा गटाची बचत हंगामापूर्वीच हाताशी असावी.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ओलाव्याचा. चांगली वाळलेली मिरची वाकविली असता मोडते आणि हलविली असता तिच्यातील बी खुळखुळते. जी मऊ राहून दुमडते, तिच्यात पाणी आहे, असे समजावे. वाहतुकीत मिरचीचा चुरा होऊ नये म्हणून पाणी शिंपडण्याची प्रथाही काही ठिकाणी आढळते. हिशेब करून पाहावा. १८ टक्के ओलावा असलेली १०० किलो मिरची घेतली, तर तिच्यातील कोरडा भाग ८२ किलोच असतो. तीच १० टक्क्यांपर्यंत वाळविली की वजन सुमारे ९१ किलो भरते. म्हणजे ९ किलो पाण्याचे दाम मिरचीच्या भावाने मोजले जातात. देठाचे वजनही सुमारे ६ टक्के असते. तेव्हा देठासह आणि बिनदेठ मालाच्या भावाची तुलना जपूनच करावी. नुकसान केवळ पैशाचेच नाही. ओलसर मिरचीवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे घातक विष निर्माण होऊ शकते. ते कुटल्याने वा भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही.

याच कारणास्तव तयार भुकटी न घेता नेहमी अख्खी मिरची घ्यावी. भुकटीत विटांची पूड किंवा कृत्रिम रंग मिसळणे सोपे असते. अख्खी मिरची आपले गुणदोष फारसे लपवू शकत नाही. पोत्याच्या तोंडाशी दिसणारा माल पाहून सौदा करू नये. तळातील मिरचीही काढून पाहावी. पांढरट पडलेली, काळे डाग असलेली वा कुबट वास येणारी मिरची स्वस्त मिळाली तरी नाकारावी.

एकट्या गटाला शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणे परवडत नाही, हे खरे. पण एका तालुक्यातील आठ-दहा गटांनी आपली मागणी एकत्र केली, तर एक टेम्पो भरतो आणि वाहतुकीचा खर्च वाटला जातो. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना २००२ च्या कायदेशीर तरतुदीने वाट मोकळी झाली. अशा कंपनीकडून एकसारखा माल मिळू शकतो. तालुका कृषी अधिकारी, बाजार समिती, १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि उमेद अभियान यांच्याकडे चौकशी केल्यास मिरची पिकविणाऱ्या गावांचा आणि शेतकरी गटांचा माग लागतो. लागवडीपूर्वीच जात, ओलावा, देठ आणि भाव ठरविण्याची रीत यांबाबत लेखी बोलणे झाले, तर पुढील वाद टळतात.

या व्यवहारात शेतकऱ्याचाही विचार हवा. मिरची पथारीवर असताना अवकाळी पाऊस आला, तर महिनोन्महिन्यांचे श्रम एका रात्रीत भिजतात. ताडपत्री, उंच मचाण किंवा सौर वाळवणयंत्र यांसाठी शेतकऱ्याने पैसा घालावा, असे वाटत असेल, तर कोरड्या, स्वच्छ मालाला दोन पैसे अधिक देणारा ग्राहक त्याला दिसला पाहिजे. तो ग्राहक बचत गट होऊ शकतो. केवळ भाव पाडण्यासाठी शेतापर्यंत जाणारा खरेदीदार दुसऱ्या वर्षी रिकाम्या हातांनी परततो.

मिरची घरी आल्यावर पुन्हा एकदा उन्हात खडखडीत वाळवावी, कोरड्या पोत्यांत भरावी आणि भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावी. प्रत्येक पोत्यावर गावाचे नाव, शेतकऱ्याचे नाव आणि खरेदीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. एखादा मसाला बिघडला, तर दोष कोठला, हे ती चिठ्ठी सांगेल. आणि मसाला नावाजला गेला, तर पुढच्या वर्षी कोणाच्या दारी जावे, हेही तीच सांगेल. भगिनींनो, मसाल्याच्या डब्यावरील गटाच्या नावामागे उभा राहणारा खरा जामीनदार म्हणजे ही चिठ्ठीच होय.