केस, कारण आणि पंचकर्म

नाशिकच्या रामकुंडावर रोज कोणाचें ना कोणाचें क्षौर होत असतें. वडिलांच्या दशक्रियेसाठीं आलेला मुलगा मान खालीं घालून न्हाव्यापुढें बसतो, आणि चार-सहा महिन्यांत त्याचें डोकें पुन्हां केसांनीं भरून जातें. वस्तरा केस कापतो. त्याच्या मुळाला तो धक्का लावीत नाहीं. घाटावर दिलेल्या या केसांबद्दल कोणी हळहळत नाहीं. पण तेच केस एखाद्या घरांत सकाळीं फणीला गुंडाळून आले, कीं सारें घर चिंतेंत पडतें. सासूबाईंना माक्याच्या तेलाची आठवण होते, शेजारीण एखाद्या वैद्यांचें नांव सुचविते, आणि अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक सल्ला येतो: 'शरीरांत विष सांचलें आहे, पंचकर्म करून तें काढून टाका, म्हणजे केस आपोआप येतील.'

हा सल्ला कितपत घ्यावा, हें ठरविण्यापूर्वीं पंचकर्म म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. वमन, विरेचन, बस्ति, नस्य आणि रक्तमोक्षण हीं तीं पांच कर्में. त्यांच्या आधीं स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे स्निग्ध पदार्थ पोटांत देणें, अंगाला तेल लावणें आणि शेक देणें, हें पूर्वकर्म करावें लागतें. कर्म झाल्यावर पेया, विलेपी, यूष अशा क्रमानें रोग्याला हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणावें लागतें. एका दुपारीं उरकण्याचा हा प्रकार नव्हे. टक्कल पडण्याला आयुर्वेदांत 'खालित्य' म्हणतात. चरकसंहितेंत खालित्यावर शोधन, नस्य, डोक्याला तेल आणि लेप अशी योजना सांगितली आहे. तेव्हां केसांसाठीं पंचकर्म ही आजच्या जाहिरातदारांनीं काढलेली कल्पना आहे, असें म्हणतां येत नाहीं.

मात्र त्याच परंपरेंतील दुसरी एक गोष्ट जाहिरातींतून सहसा ऐकूं येत नाहीं. सुश्रुतानें या विकाराच्या दोन पायऱ्या मानल्या आहेत. प्रथम वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडतें. मग रक्तासह कफ ते रोमकूप बंद करतो आणि नवा केस उगवत नाहीं. वात, पित्त, कफ यांची भाषा आजच्या शरीरशास्त्राची नाहीं. पण केस गळणें वेगळें आणि केस न उगवणें वेगळें, हें निरीक्षण अत्यंत सूक्ष्म आहे. वाग्भटानें तर तिन्ही दोषांनीं झालेलें टक्कल असाध्य म्हणून स्पष्टपणें बाजूला काढलें आहे. सर्वांचे केस येतील, असें वचन ग्रंथकारांनीं दिलेलें नाहीं.

आधुनिक वैद्यकहि हाच भेद निराळ्या शब्दांत करतें. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षें वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारें तीन महिने तो स्वस्थ राहतो आणि गळतो. या हिशेबानें रोज पन्नास ते शंभर केस जाणें स्वाभाविक आहे. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा कडक उपास झाला म्हणजे पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेंत जातात आणि दोन-तीन महिन्यांनीं एकदमच गळूं लागतात. कोविडच्या सांथीनंतर, २०२० आणि २०२१ सालीं, घरोघर हा अनुभव आला. या गळतींत मूळ जिवंत असतें, आणि बहुधा सहा महिन्यांच्या आंत ती स्वतःच थांबते. या काळांत विरेचन घेतलें तर यश विरेचनाला मिळतें, तेल लावलें तर तेलाला, आणि नुसता नवस बोलला असेल तर देवाला!

दुसऱ्या प्रकारचें टक्कल आनुवंशिक असतें. त्यांत एका संप्रेरकाच्या परिणामानें केसाचें मूळ वर्षानुवर्षें बारीक होत जातें. आंतडीं धुऊन निघालीं म्हणून तें संप्रेरक वाहून जात नाहीं. येथें मिनॉक्सिडिलसारख्या औषधाचा उपयोग होतो. अमेरिकेत १९८८ सालीं तें डोक्याला लावण्यासाठीं मान्य झालें. पण तें जितकें लवकर सुरू करावें तितकें बरें, आणि सोडलें कीं गुणहि सुटतो. याखेरीज चाई पडते ती शरीराच्या संरक्षक शक्तीनें केसाच्या मुळावरच हल्ला केल्यामुळें. कोणाचे केस लोह कमी पडल्यानें जातात, तर कोणाचे गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि बिघडल्यानें. फणींतले केस सर्वांचे सारखेच दिसतात. कारणें मात्र इतकीं निरनिराळीं.

मग विष पोटांत जाऊन केस गळाले, असें खरोखर घडतच नाहीं काय? घडतें, आणि तें महाराष्ट्रांतच घडलें. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या काळांत बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव भागांतल्या खेड्यांत लोकांचे केस हातांत येऊं लागले, आणि थोड्याच दिवसांत कित्येकांचीं डोकीं उघडीं पडलीं. त्यांत शाळा-कॉलेजांत जाणारीं मुलेंमुलीहि होतीं. प्रथम पाण्यावर संशय गेला. विंचूदंशावरील संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तपास करून निराळें कारण पुढें मांडलें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें शिधावाटपाच्या दुकानांतून आलेल्या गव्हांत सेलेनियम नांवाचें मूलद्रव्य स्थानिक गव्हाच्या सुमारें ६०० पट होतें. हें द्रव्य शरीराला लागतें खरें, पण अगदीं अल्प. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारें ५५ मायक्रोग्रॅम पुरतें. तो गहू थांबला, आणि कांहींच्या डोक्यावर पुन्हां केस दिसूं लागले.

या प्रसंगीं विष होतें. पण उपाय कोणता ठरला? पोटांत जाणारें विष थांबविणें. पुढचें काम शरीरानें मूत्रावाटे आपलें आपण केलें. आयुर्वेदांत याच उपायाला 'निदानपरिवर्जन' म्हणतात. कारण टाळणें ही तेथें चिकित्सेची पहिली पायरी आहे; शोधन त्यानंतर. कारण न शोधतां जो शोधन सांगतो, तो आयुर्वेदाचाच क्रम उलटा करतो.

यांत नुकसान केवळ पैशाचें होत नाहीं. रक्त कमी असलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला रेचकें देऊन अधिक अशक्त करणें, हें केसांसाठीं जीव शिणविणें आहे. आनुवंशिक टकलांत वर्ष-दीड वर्ष नुसत्या शोधनांत गेलें, तर उपचाराचा उत्तम काळ हातचा जातो. शिवाय विष काढण्यासाठीं घेतलेलें औषधच निर्दोष असेल, हें गृहीत धरतां येत नाहीं. अमेरिकेतील बोस्टन परिसरांतल्या दुकानांतून घेतलेलीं ७० आयुर्वेदीय औषधें तपासलीं, तेव्हां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला. तो अहवाल २००४ सालीं प्रसिद्ध झाला.

मग पंचकर्माला अजिबात स्थान नाहीं काय? तेलाचा अभ्यंग, वेळेवर हलकें जेवण, पुरेशी झोंप आणि शांतपणें सारी हकीकत ऐकून घेणारा वैद्य, यांनीं माणसाला बरें वाटतें, आणि तें बरें वाटणें खोटें नव्हे. परंतु पंचकर्मानें टकलावर केस उगवतात, हें मोठ्या व काटेकोर तुलनेनें सिद्ध झालेलें नाहीं. ज्याला तें करावयाचेंच असेल, त्यानें आधीं त्वचारोगतज्ज्ञाला डोकें दाखवावें, रक्तांतील लोह व थायरॉइड तपासून घ्यावें, आणि मग पदवीधर व नोंदणीकृत वैद्याकडेच जावें. नाशिककरांना हें अवघड नाहीं. १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरांत आहे, आणि आधुनिक वैद्यकाच्या व आयुर्वेदाच्या पदव्या तें एकाच छपराखालून देतें. दोन्हीं विद्यांचे जाणकार एकाच गांवांत असतां घरानें एकालाच विचारून थांबावें, याला कारण नाहीं.

रामकुंडावरच्या मुलाचे केस परत येतात, कारण त्याच्या केसांचें मूळ शाबूत असतें. फणींत केस दिसूं लागले म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांनीं पहिला प्रश्न हाच विचारावा: मूळ शाबूत आहे काय, आणि नसेल तर तें कशानें दुखावलें? त्याचें उत्तर हातीं येईपर्यंत तेलाची बाटली जवळ असावी, रेचकाचा काढा मात्र दूर ठेवावा.