परत आलास का?



सिकलसेल म्हणजे काय, हे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या श्रोत्यांना मी सांगायची गरज नाही. घरात नाही तर शेजारी, कुणीतरी ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, असतंच. म्हणून पेशी, तपासण्या हे सगळं बाजूला ठेवते आणि मिळालेली मिनिटं एकाच वाक्यावर घालवते. ‘परत आलास का?’ हे ते वाक्य. मी स्वतः वॉर्डात काम केलेली परिचारिका आहे. दवाखान्यातल्या माझ्याच माणसांना हक्कानं बोलते, राग मानू नका.

डिसेंबरातली रात्र. कॅज्युअल्टीत सतरा-अठरा वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बाकावर पडलाय. आई उभी, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत कडा पिवळ्या पडलेली फाइल. ‘संध्याकाळपासून हाडं फुटून राहिली जी याची,’ ती सांगते. टेबलामागून आवाज येतो, ‘परत आलास का? गेल्या महिन्यात तर होतास.’ मुलगा मोबाइलकडं बघत असतो. झालं! ‘एवढं दुखत असतं तर मोबाइल बघितला असता का?’ अहो, लहानपणापासून दुखतंय त्याला. ओरडून ओरडून तो केव्हाच थकलाय. मन दुसरीकडं लावायला त्याच्याजवळ तेवढंच आहे. क्रायसिसचं, म्हणजे सिकलसेलच्या अशा कळांचं, दुखणं एक्स-रेत दिसत नाही. हिमोग्लोबिन सात-आठ, ते तर त्याचं नेहमीचंच. मग दुखणं मोजायचं कशानं? त्याच्या शब्दानंच. दुसरं साधन नाही.

सासरी जीव मेटाकुटीला आला की लेक माहेरी येते. महिन्यात दुसऱ्यांदा आली म्हणून आई दारातच ‘परत आलीस का?’ म्हणत नाही. आधी आत घेते, पाण्याचा तांब्या पुढं करते. या मुलांना तर पाणी हे औषधच, तोंडानं द्या नाहीतर सलाइननं. लेकीला माहेरचं सगळं ठाऊक असतं, तांदळाचा डबा कुठं, मागच्या दाराची कडी कशी लागते. तसं या मुलांना ठाऊक असतं, कोणत्या हाताची शीर सापडते, कोणत्या इंजेक्शननं उतार पडतो. लेक म्हणाली, ‘आई, काढा नको, ते तेल चोळ,’ तर आई तिच्यावर संशय घेते का? मुलानं इंजेक्शनचं नाव घेतलं की मात्र लगेच, ‘याला सवय लागली.’ मॉर्फिनसारखी औषधं जपूनच द्यायची, नोंद ठेवूनच द्यायची, यात वाद नाही. पण जपून देणं वेगळं आणि मुलाला चोर समजणं वेगळं.

आणि जिला दारातच बोल लागतात ती लेक पुढच्या वेळी येत नाही. मरणाचं सोसते, पण येत नाही. हा मुलगाही घरीच गोळ्या खात, अंग शेकत पडून राहतो. ताप चढून, छातीत दुखून धाप लागली की मग त्याला उचलून आणतात. अशा वेळी गेलेले तास परत मिळत नाहीत.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. क्रायसिसचा रुग्ण आला की अर्ध्या तासात वेदनाशामक द्या, अशी सूचना इंग्लंडमध्ये २०१२ पासून आहे. तरी २०१९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात सिकलसेलच्या एकवीस वर्षांच्या तरुणानं खाटेवरूनच अँब्युलन्सच्या नंबरवर फोन लावला, कारण मागूनही ऑक्सिजन मिळेना. तो वाचला नाही.

आपल्याकडं १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं. आशाताई घरोघर फिरतात, कार्डं मिळतात, फार चांगलं काम आहे. पण ते कार्ड घेऊन माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहील, तेव्हा त्याच्या कानावर पहिलं काय पडणार? रुग्णाशी कसं बोलावं, हे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आलंय. पण रात्री दोन वाजता ती शिकाऊ डॉक्टर पोरं आपल्याकडं बघूनच शिकतात ना? आपण म्हणतो, ‘अकरा नंबरचा सिकलसेल.’ त्याला नाव आहे हो! केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

एका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो, मला माहीत आहे. पण कुणी मध्येच रेडिओ लावला असेल म्हणून पुन्हा सांगते. ‘परत आलास का’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ‘कुठं दुखतंय रे’ विचारून होतं. आणि तो सांगेल ते आधी खरं धरा.

‘ठाऊक असून लग्न कसं केलंत?’ असं मुलासमोरच आईबापांना विचारतात, त्याबद्दल बरंच बोलायचं होतं. पण काचेपलीकडून खूण होतेय. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना तेवढं सांगून घेते. या मुलांना वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या. लघवीला वारंवार लागते, तोही आजाराचाच भाग आहे. चौथ्यांदा विचारलं तरी जाऊ द्या. थंडीत मैदानावर पळवू नका, आणि पाय दुखतो म्हणाला तर...

वेळ संपली.