बिनतारी जाळे आणि त्याची किल्ली



हल्ली खेडोपाडी लॅपटॉप येऊ लागले आहेत. कुणी मुलीच्या कॉलेजसाठी घेतो, कुणी दुकानाच्या हिशेबासाठी. लॅपटॉप म्हणजे मांडीवर मावणारा संगणक. तो घरी आला, की प्रश्न पडतो, ‘आता याला इंटरनेट कुठून आणायचं?’ मग घरात वायफाय बसवतात. बसवणारा येतो, पेटी लावतो आणि निघून जातो. पण त्या पेटीची किल्ली कुणाच्या हाती राहते? आज मला त्या किल्लीविषयी सांगायचे आहे.

आधी वायफाय म्हणजे काय ते पाहू. अनेक गावांत आता काचेच्या तारेतून इंटरनेट येते. आतली काच केसासारखी बारीक असते. तिच्यातून वीज नव्हे, उजेड धावतो. ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. घरातली पेटी उजेडातून आलेला निरोप घेते आणि रेडिओसारख्या लहरींवर घरभर सोडते. लॅपटॉप त्या लहरी पकडतो. मध्ये तार नाही, म्हणून हे बिनतारी जाळे. पेटीला राउटर म्हणतात.

पेटी ठेवायची कुठे? घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या फळीवर. लोखंडी कपाटामागे किंवा धान्याच्या पत्र्याच्या कोठीजवळ ठेवू नका. पत्रा लहरी अडवतो. जाड दगडी भिंतही लहरींचा जोर कमी करते. काचेची तार खिळ्याला गुंडाळू नका, मुडपू नका. ती मोडली, तर इंटरनेट बंद!

आता लॅपटॉप जोडू. पेटीच्या खाली किंवा मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर आपल्या जाळ्याचे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पासवर्ड म्हणजेच किल्ली. लॅपटॉपच्या पडद्यावर, बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, पंख्यासारखी खूण असते. ती दाबा. नावांची यादी उघडेल. तिच्यात शेजाऱ्यांच्या जाळ्यांची नावेही दिसतील. आपले नाव निवडा, कनेक्ट दाबा आणि पासवर्ड लिहा. इंग्रजीतली मोठी अक्षरे व लहान अक्षरे वेगळी धरतात. शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होते, तीही सांभाळा. कधी कधी एका पेटीची दोन नावे दिसतात. ज्याच्या शेवटी पाचाचा आकडा असतो, ते बहुधा जलद चालते, पण दूर पोचत नाही. दुसरे थोडे सावकाश, पण लांबच्या खोलीपर्यंत जाते.

झाले, लॅपटॉप चालू झाला. पण थांबा, खरे काम पुढेच आहे.

चिठ्ठीवरचा पासवर्ड बसवणाऱ्याने पाहिलेला असतो. आल्यागेल्याने पाहिलेला असतो. नवे घर विकत घेतले, तर जुन्या मालकाचेच कुलूप आपण ठेवतो का? नाही ना? मग इथेही बदला. जोडणी तुमच्या नावावर आहे. कुणी भिंतीपलीकडे बसून तुमच्या जाळ्यावरून गैरकृत्य केले, तर चौकशी प्रथम तुमच्या दारी येईल.

बदलायच्या किल्ल्या दोन असतात, बरे का. एक जाळ्याची, जी लॅपटॉपला व फोनला लागते. दुसरी खुद्द पेटीची. ती ज्याच्या हाती, त्याला पहिली किल्ली केव्हाही बदलता येते. म्हणून बसवणाऱ्याला सांगा, ‘भाऊ, दोन्ही पासवर्ड आमच्यासमोर बदला, मगच जा.’ नवे पासवर्ड मात्र तुम्ही ठरवा आणि तुमच्याच हाताने घाला.

पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतो. तुम्ही बारापेक्षा जास्त अक्षरांचा ठेवा. मुलाचे नाव, जन्मतारीख, मोबाइलचा नंबर नको. ते साऱ्या गावाला ठाऊक असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. जसे, चिंच, कंदील, नांगर, पाऊस. ते जोडून इंग्रजी अक्षरांत लिहा. हेच चार घेऊ नका, कारण ते आता पुस्तकात छापले गेले! इंग्रजी अक्षरे येत नसतील, तर घरच्या शाळकरी मुलाला शेजारी बसवा. तो अक्षर दाखवील, बोट तुमचे चालू द्या. पासवर्ड वहीत लिहा आणि वही ट्रंकेत ठेवा. भिंतीवर लिहू नका.

आता कुणी म्हणेल, ‘गुरुजी, शेजारणीचं पोर अभ्यासासाठी नेट मागतं. त्याला नाही कसं म्हणायचं?’ नाही म्हणू नका. आपण तहानलेल्याला पाणी देतो, पण तिजोरीची किल्ली देत नाही. पुष्कळ पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढता येते. त्याचा पासवर्ड वेगळा असतो. तो त्या पोराला द्या. परीक्षा झाली की बदला. कुलूप लावणे म्हणजे माणुसकी सोडणे नव्हे. कोण आत आले, हे घरच्या माणसाला माहीत असावे, एवढेच.

दोन गोष्टी आणखी. पेटीवर तांबडा दिवा लुकलुकू लागला, तर बहुधा तारेतच बिघाड असतो. कंपनीला कळवा. पेटीच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. त्याने सारी मांडणी पुसली जाते. आणि कुलूप लावले तरी फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर देऊ नका. पैशाची फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा.

पूर्वी कागद आला की आपण दुसऱ्याच्या दारी जात होतो. तो वाचील ते खरे आणि सांगेल तिथे अंगठा. आता तुम्हाला अक्षर येते. पेटीवरची चिठ्ठी हाही एक कागदच आहे. ती स्वतः वाचा आणि किल्ली स्वतःच्या हाती ठेवा. एवढे सांगून मी माझे बोलणे पुरे करतो.