पुन्हा पुन्हा निखळणारा खांदा



कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात पकडीत मागे ओढला जातो आणि तो जागीच खाली बसतो. दुसऱ्या हाताने कोपर सावरलेलं, खांद्याची गोलाई जाऊन तिथे खळगा पडलेला. अशा वेळी कुणी अनुभवी माणूस पुढे होतो आणि हिसका देऊन खांदा बसवतो. कृपा करून असं करू देऊ नका. हाड मोडलेलं असू शकतं, जवळची नस दुखावू शकते. हात झोळीत बांधून रुग्णालयात न्या. तिथे एक्स-रे काढून, गुंगीचं औषध देऊन खांदा अलगद बसवतात.

पण खांदा बसला म्हणजे दुखणं संपलं, असं नाही. खांद्याची खोबण उथळ. बशीत लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो. खोबणीभोवतीची चिवट कड त्याला धरून ठेवते. खांदा पुढे निसटतो तेव्हा बहुधा हीच कड हाडापासून सुटते. लंडनचे शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ साली या जखमेकडे लक्ष वेधलं. ती नीट जुळली नाही, तर पुढे एसटीत वरचा दांडा धरतानाही खांदा निसटतो, कधी झोपेत कूस बदलतानासुद्धा. पहिल्यांदा निखळला तेव्हा वय विशीच्या आत असेल, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. चाळिशीनंतर हा धोका कमी होतो, मात्र तेव्हा स्नायूंच्या कंडरा फाटलेल्या नाहीत ना, हे पाहावं लागतं.

व्यायामाने खांद्याभोवतीचे स्नायू बळकट होतात आणि अनेकांचं तेवढ्यावर भागतं. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. सुटलेली कड मात्र व्यायामाने शिवली जात नाही. ती दुर्बिणीतून शिवता येते. ज्यांना फिट येतात, त्यांनी आधी त्यावर उपचार घ्यावेत, कारण झटक्यातही खांदा निखळतो.

खांदा आपला आपण बसवता येतो, याचं काही तरुणांना कौतुक वाटतं. मला त्याची काळजी वाटते. दर खेपेला खोबणीची कड झिजते, गोळ्यालाही खाच पडते. हाड फार झिजलं की नुसती शिवण टिकत नाही. खांद्याजवळच्या हाडाचा तुकडा कापून खोबणीला स्क्रूने बसवावा लागतो. तेव्हा खांदा दुसऱ्यांदा निखळला, तर तिसऱ्या खेपेची वाट पाहू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.