लाखनीचे ग्रामीण रुग्णालय आणि लोकसहभाग

केंद्र सरकार ज्याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणते, तेच महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय या नावाने ओळखले जाते. भंडारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या लाखनीतही असे रुग्णालय आहे. १९४६ च्या भोर समितीच्या शिफारशींतून आकारास आलेल्या या रचनेत मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० मागे ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय अपेक्षित असते; अर्थात, कागदावरचा निकष आणि विशेषज्ञांची भरलेली पदे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

पूर्व विदर्भात या व्यवस्थेची खरी कसोटी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात लागते. या विकारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, त्यामुळे रुग्णाला तीव्र वेदना होतात व रक्तक्षय जडतो. प्राथमिक तपासणीत बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात मिसळतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर निदान पक्के करण्यासाठी पुढील चाचणी करावी लागते. रुग्ण आयुष्यभर औषधांवर अवलंबून असल्याने दवाखाना जवळ असणे ही त्याच्यासाठी चैन नव्हे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले असले, तरी सोयींवर देखरेख ठेवणारी रुग्ण कल्याण समिती लोकांच्या पाठिंब्यावाचून निष्प्रभ ठरते. रिक्त पदे व औषधांचा तुटवडा हे विषय ग्रामस्थांनी ग्रामसभेत मांडून ठरावाने नोंदवावेत.