फंक्शनचा वेग कसा मोजावा
(बेसा, नागपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेचा ‘एका’ हा महासंगणक जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा ठरला. त्याच्या नावापुढे नोंदलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी दशांश-गणिते, इतका होता. त्याची कागदावरची क्षमता मात्र १७० टेराफ्लॉप्सच्या घरात होती. क्रमवारीसाठी खालचाच आकडा धरला जातो, कारण तो लिनपॅक या चाचणीत, म्हणजे एकघाती समीकरणांचा प्रचंड संच प्रत्यक्ष सोडवून घेऊन, मिळालेला असतो. ठरावीक काम करवून घेऊन वेग मोजण्याच्या या पद्धतीला बेंचमार्किंग म्हणतात, आणि नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील एखाद्या कार्यालयात चार ओळींच्या फंक्शनचा वेग मोजणाऱ्यालाही तेच पथ्य पाळावे लागते: जे काम मोजले, ते खरोखर झालेले असले पाहिजे.

सी किंवा रस्ट यांसारख्या, यंत्राच्या अगदी जवळून काम करणाऱ्या सिस्टिम्स भाषांत हे पथ्य सहज मोडते. एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतची बेरीज करणारे फंक्शन लाख वेळा चालवून पाहिले, पण उत्तर कुठेच वापरले नाही, तर प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ते काम निरुपयोगी समजून पूर्णपणे वगळू शकतो, आणि घड्याळ जवळजवळ शून्य वेळ दाखवते. यासाठी रस्टच्या प्रमाणित लायब्ररीत २०२२ पासून ‘ब्लॅक बॉक्स’ ही सोय आहे. तिच्यातून नेलेल्या मूल्याविषयी कंपायलरने कोणतेही अनुमान करू नये, अशी ती सूचना असते. तरीही हजारापर्यंतच्या आणि कोटीपर्यंतच्या बेरजेला सारखाच वेळ लागलेला दिसू शकतो, कारण कंपायलर अनेकदा एकेक संख्या मिळवत जाणाऱ्या आवर्तनाच्या जागी शाळेत शिकवले जाणारे बेरजेचे सूत्रच बसवतो. ही मापनातील चूक नव्हे, कारण प्रत्यक्ष प्रोग्रामलाही तोच लाभ मिळणार असतो. या दोन प्रकारांतला फरक ओळखण्यातच मोजणाऱ्याचा खरा कस लागतो.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट आड येते. पारा ४५ अंशांपुढे गेलेल्या दुपारी वातानुकूलन नसलेल्या खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर तापला, की तो स्वतःच्या बचावासाठी आपली गती कमी करतो, आणि सकाळी मोजलेले जुने फंक्शन दुपारी मोजलेल्या नव्या फंक्शनपेक्षा विनाकारण सरस ठरते. म्हणून दोन्ही फंक्शने आलटून पालटून अनेकदा चालवावीत आणि सरासरीपेक्षा मध्यकावर, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या नोंदींतील मधल्या नोंदीवर, भर द्यावा; कारण मध्येच आलेला व्यत्यय वेळ बहुधा वाढवतोच आणि अशा दोन-चार नोंदी सरासरीला वर ओढतात.

एवढी काळजी घेण्याआधी ते फंक्शन मोजण्याजोगे आहे का, हे पाहणे अगत्याचे असते. पूर्ण प्रोग्रामच्या वेळेपैकी ज्याचा वाटा अवघा ५ टक्के आहे, त्याचा वेग दुप्पट केला तरी एकूण वेळेत अडीच टक्क्यांचीच बचत होते.